बहिणीने दिलेली डबी

माझ्या दोन्ही गालांवर वांग होते. मुलगी झाल्यावर ते आले. आधी डोळ्यांखाली चहाचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसले, मग दोन्ही बाजूंनी पसरत नाकावर येऊन एकमेकांना मिळाले. मी मुळात काळी. काळ्या तोंडावर आणखी काय काळं दिसणार, असं नवरा म्हणायचा. पण दिसत होतं. काळ्या कातडीवरचा डाग मातकट असतो, वाळलेल्या जमिनीवर मध्येच ओला पट्टा राहावा तसा उठून दिसतो.

आम्ही तेव्हा सुरतेत, डिंडोलीला एका खोलीत राहायचो. नवरा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगखात्यात होता. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी घरी बसून साड्यांचे धागे कापायचे. भरतकामाची साडी मशीनवरून उतरली की तिच्या मागच्या बाजूला धागे लोंबत असतात, ते कात्रीने साफ करायचे. खोलीत उजेड नव्हता. त्यामुळे सकाळचं आवरलं की ऊन उतरेपर्यंत मी दारापुढच्या ओट्यावर, उजेडाकडे तोंड करून बसायचे. त्या उन्हानेच वांग वाढत होते, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही.

नवऱ्याचे हात रोज वेगळ्या रंगाचे असायचे. एक दिवस जांभळे, एक दिवस पोपटी. साबणाने ते निघत नसत. मग मिलमधली माणसं कागदाच्या पुडीत हायड्रो घरी आणायची. कापडाला चुकीचा रंग बसला तर तो उतरवायला ही पांढरी पूड वापरतात. ती पाण्यात कालवून हात बुडवले की रंग डोळ्यांदेखत उतरायचा. कातडी कोरडी पडून फुटायची, घाण वास सुटायचा, पण हात साफ. आमच्या गल्लीत सगळी मिलमध्ये जाणारी माणसं. रंग चढवणं आणि रंग उतरवणं हे आमच्याकडे भाकरी थापण्याइतकं रोजचं होतं. गल्लीतल्या एका बाईने तर हायड्रो मानेलाच चोळून पाहिला. तिची मान महिनाभर सोललेली होती. आम्ही सगळ्या तिला हसलो. हसलो खरं, पण मनात आमचा हिशेब तिच्यासारखाच होता. रंग आहे म्हणजे तो काढणारं काहीतरी असणारच, फक्त तोंडाच्या मापाचं मिळायला हवं.

ते मला ताईने आणून दिलं.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. ती पांडेसऱ्यात राहायची. तिला एकच मुलगी, तेव्हा एकोणीस वर्षांची. तिचं लग्न आमच्या माहेरच्या गावातच ठरलं होतं. मुलगा धुळ्याला नोकरीला. मुलाच्या आईने मुलगी पाहताना सगळ्यांसमोर म्हटलं होतं की आमच्या घरात सगळे सावळे, एक तरी उजळ सून हवी होती, ती मिळाली. मला आठवतं, मी तेव्हा भाचीकडे दोनदा पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती माझ्याच रंगाची होती. गालभर मुरुमांचे काळे डाग. आता डाग नव्हते आणि तोंड पिवळसर उजळ, जसं काही दुसऱ्या कोणाचं. मला वाटलं, वय झालं की येतं रूप.

एका दुपारी ताई आली तेव्हा मी जायफळ दुधात उगाळत होते. वांगावर जायफळ, मसुरीचं पीठ, आंबेहळद, लिंबाची साल, सगळं करून झालं होतं. लिंबाने तर आग होऊन एक पट्टा आणखी काळा पडला होता. ताईने सहाण माझ्या हातातून काढून घेतली आणि पिशवीतून एक छोटी डबी काढली. कुंकवाच्या करंड्याएवढी, पांढरी, प्लास्टिकची. वर ना नाव ना चिठ्ठी.

"दुधाची नासाडी करू नको," ती म्हणाली. "झोपताना हे लाव. पातळ लाव, कोणाला दाखवू नको."

काय आहे, असं मी विचारलं.

"तुला काय करायचंय? तुझ्या भाचीकडे बघ आणि लाव."

मी लावलं. मला तिच्यावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. मी आठ वर्षांची असताना आई गेली, आणि त्यानंतर माझी वेणी ताईने घातली, माझ्या उवा ताईने काढल्या, पहिल्यांदा न्हाण आलं तेव्हा काय करायचं ते ताईने सांगितलं. तिने विष दिलं असतं तरी मी आधी किती घ्यायचं तेवढंच विचारलं असतं.

दहा दिवसांत वांग पुसट झाले. महिन्याने नाहीसेच झाले, आणि बाकीचं तोंडही उजळलं. मान काळी, हात काळे आणि तोंड वेगळं. नवरा म्हणाला, कोणाचं तोंड मागून आणलंस. साड्यांचे गठ्ठे आणणारा माणूस मला आधी मावशी म्हणायचा, तो बहन म्हणायला लागला. मला ते आवडलं. खोटं कशाला लिहू, फार आवडलं. मी आरशात बघायचे आणि सारखी बघायचे. डबी संपली की मी पैसे द्यायचे आणि ताई दुसरी आणून द्यायची. उधन्याला एक ब्यूटी पार्लर होतं, तिथली बाई स्वतः कालवून देते एवढंच मला माहीत होतं.

पाच-सहा महिन्यांनी चुलीजवळ बसलं की गाल पेटायला लागले. गालावर बारीक लव आली. नाकाजवळ लाल रेघा दिसायला लागल्या, पानावरच्या शिरांसारख्या. एक दिवस मी डबी लावायला विसरले तर दुसऱ्या दिवशी तोंड खाजायला लागलं, लावल्यावर थांबलं. मी ताईला सांगितलं. ती हसली.

"उजळ माणसाचे गाल लालच असतात गं. तुला सवय नाही."

मी पण हसले. पुढेही लावत राहिले.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता सुरतेत प्लेग आला. एकदोन दिवसांत लोकांनी तोंडाला रुमाल बांधले. औषधाच्या दुकानांतल्या गोळ्या संपल्या, मिला बंद झाल्या, जो तो स्टेशनकडे पळत सुटला. नवरा म्हणाला, मी खोली सांभाळतो, तू पोरीला घेऊन माहेरी जा. मी मुलीचे दोन फ्रॉक, एक लुगडं आणि भाकरी बांधली आणि उधन्याहून भुसावळची गाडी पकडली. ताई आणि भाची त्याच गाडीला होत्या. दोंडाईच्यापर्यंत आम्ही उभ्याने गेलो, मुलगी माझ्या कडेवर. नंदुरबार गेल्यावर मला आठवलं की डबी फळीवर पिठाच्या डब्यामागेच राहिली. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. चार दिवस नाही लावलं तर काय होणार.

गावात आम्ही भावाकडे उतरलो. सुरतेहून आलेल्या प्रत्येकाकडे लोक लांबूनच बघत होते. आरोग्य केंद्राचा माणूस येऊन सगळ्यांना कॅप्सूल देऊन गेला. तीन दिवस ठीक गेले. चौथ्या दिवशी सकाळी उठले तर तोंड तापलेल्या तव्यासारखं झालेलं. डोळे सुजून बारीक झाले होते. गाल, कपाळ, हनुवटी लालभडक, वर पाणी भरलेल्या पुटकुळ्या. पाणी लावलं तरी झोंबत होतं. वहिनी चूल पेटवत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हातातली काडी तशीच टाकून बाहेर गेली. तिने आरडाओरडा केला नाही. ती शेजारी गेली, आणि थोड्या वेळात दारात दहा-पंधरा माणसं होती.

मी सांगत होते, हा प्लेग नाही. मला ताप नाही, गाठ नाही, मी तोंडाला मलम लावत होते, तो सुरतेला राहिला म्हणून असं झालं. लोक म्हणाले, तोंडाला लावायच्या मलमाने कोणाचं तोंड असं होतं का? त्यांचं चूक नव्हतं. त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं, आणि प्लेगही पाहिला नव्हता. एक म्हातारा म्हणाला, मलम दिला कोणी? मी म्हणाले, ताईने. ताई मागच्या दारात उभी होती. तिच्या शेजारी मुलाची आई, म्हणजे भाचीची होणारी सासू, नाकाला पदर लावून उभी होती.

सगळे ताईकडे वळले. मलाही बरं वाटलं. ताई आता सांगेल आणि हे सगळं थांबेल, असंच मला वाटलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती त्या म्हाताऱ्याला म्हणाली, "मी तिले काहीच दिधं नही."

मी तिला काही दिलंच नाही. एवढंच. आवाजही चढला नव्हता. भाची तिच्यामागे होती, ती खाली बघत होती.

त्यांनी मला गावाबाहेर भावाच्या खळ्यावर नेऊन ठेवलं. तिथे कडब्याच्या गंजीला लागून एक पत्र्याची पडवी होती. मुलगी माझ्यापासून काढून घेतली. चार वर्षांची होती, ती ओरडली, मग ताईने तिला उचललं. ताईच्या कडेवर ती गप्प झाली, कारण ताई तिची मावशी होती आणि तिला ताईचा लळा होता. मला सगळ्यात जास्त ते लागलं, असं मी त्या वेळी समजत होते. नंतर कळलं की अजून बरंच लागायचं होतं.

बारा दिवस मी खळ्यावर होते. भाऊ भाकरी आणि पाण्याची कळशी खळ्याच्या दगडावर ठेवून मागे सरायचा आणि तिथूनच बोलायचा. पोरगी बरी आहे, जेवली, असं सांगायचा. पडवीचा पत्रा दुपारी इतका तापायचा की मी गंजीच्या सावलीत सरकत सरकत बसायचे. रोज कॅप्सूल गिळायचे. तोंडातून पाणी गळायचं, ते वाळून खपल्या व्हायच्या, हसायचं तर सोडाच पण चावतानाही गाल फाटायचे. मी मरणार असं मला एकदाही वाटलं नाही. मला एकच विचार होता. ताईने एक वाक्य बोलायला हवं होतं. "मलम मी दिला." ते बोलली असती तर मी घरात असते आणि मुलगी माझ्याजवळ असती. ती घाबरली असेल, आज ना उद्या बोलेल, असं मी पहिले चार दिवस म्हणत होते. रोज तिची वाट बघायचे. खळ्यापासून गावाची पांद दिसायची. तिच्यावरून बायका शेतात जायच्या-यायच्या, लांबून वळसा घालून. त्यांच्यात ताई एकदाही नव्हती. पाचव्या दिवसापासून मी पांदीकडे पाठ करून बसायला लागले.

बारा दिवसांत ताप आला नाही, गावात दुसरं कोणी आजारी पडलं नाही, तेव्हा भावाने हिय्या केला आणि मला टेम्पोच्या मागे बसवून धुळ्याला सरकारी दवाखान्यात नेलं. कातडीची डॉक्टर बाई होती, माझ्याच वयाची, आणि माझ्याच रंगाची. तिने माझं तोंड हाताने धरून उजेडाकडे वळवलं. बारा दिवसांत कोणी मला हात लावला नव्हता. तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, की काय लावत होतीस आणि कधी बंद केलंस.

मी सांगितलं. ती म्हणाली, अशा डब्या माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन येतात. तिने समजावलं ते मला आजही पाठ आहे, कारण तिने ते मला कळेल असं सांगितलं. त्या डबीत स्टेरॉइडची एक जोरदार ट्यूब आणि रंग उतरवणारं एक औषध तोंडाच्या क्रीममध्ये कालवलेलं असतं. दोन्ही खरी औषधं आहेत, पण ती रोगासाठी असतात, थोडे दिवस आणि डॉक्टरच्या नजरेखाली लावायची असतात. महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते आणि तिला त्याचं व्यसन लागतं. एकदम बंद केलं की कातडी अशी पेटते. वर ज्या कॅप्सूल मी खात होते, त्यांनी ऊन आणखी बाधतं.

"तुझी माझी कातडी सारखी आहे," ती म्हणाली. "हिला आग लागली की विझताना ती काळा डाग ठेवून जाते. म्हणून हिला आग लागूच द्यायची नाही. लिंबू नाही, ब्लीच नाही, चोळणं नाही, आणि ऊन तर नाहीच."

वांगाचं काय, असं मी विचारलं. तिला माझा राग आला नाही. आधी चेहरा शांत होऊ दे, म्हणाली. त्याला काही महिने लागतील. त्यानंतर वांगासाठी सौम्य औषध देता येतं, पण ते हळू काम करतं, आणि उन्हात बसून धागे कापायचे असतील तर तेही फुकट. जो कोणी दहा दिवसांत उजळ करतो म्हणेल त्याच्या दारात जाऊ नकोस. तिने हलका मलम दिला. आधी रोज, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद, असं भावाला लिहून दिलं. वेगळ्या कागदावर तिने लिहिलं की हिला प्लेग नाही, मलमामुळे चेहरा बिघडला आहे, आणि खाली शिक्का मारला.

तो कागद भावाने सरपंचाला दाखवला. सरपंचाने मोठ्याने वाचला. मी घरात आले, मुलगी परत मिळाली. ती पहिले दोन दिवस माझ्या तोंडाकडे बघून रडत होती. पुरुषांनी कागद मानला. बायकांनी कागद वाचला नव्हता, त्यांनी ताईचं बोलणं ऐकलं होतं. त्यांचं म्हणणं झालं की हिला प्लेग झाला होता, पण ही वाचली. तोवर ताई आणि भाची सुरतेला परत गेल्या होत्या.

मीही गेले. साथ संपली होती. मी ओट्यावर बसायची जागा बदलली. भिंतीकडे सरकले, वर जुन्या साडीचा पडदा बांधला आणि उजेड मागून घ्यायला लागले. बाहेर पडताना छत्री. पावसाळा नसताना छत्री घेऊन हिंडते म्हणून गल्लीतल्या बायका मला मास्तरीणबाई म्हणायच्या. तोंडाची आग गेली पण जिथे जिथे पुटकुळ्या होत्या तिथे काळे डाग राहिले. वांग परत आले ते वेगळेच. डबी फळीवर तशीच होती. मी ती फेकली नाही. का फेकली नाही ते मला सांगता येत नाही. ती तिथे असू दे असं वाटत होतं.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी ताई आली. खळ्यावर मला नेलं त्या दिवसानंतर मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. बरोबर भाची, डोक्यावरून ओढणी पुढे ओढलेली. मी मनात म्हटलं, आता ही माफी मागेल. मी काय बोलायचं तेही ठरवलं. ताई बसली, पाणी प्यायली, माझ्या तोंडाकडे तिने नीट पाहिलं, आणि म्हणाली, "तुझ्याकडची ती डबी आहे का गं अजून? राहिली होती ना?"

मग कळलं ते असं. पार्लरची बाई साथीत पळाली ती परत आलीच नव्हती. ताईकडच्या डब्या संपल्या होत्या. लग्नाला दीड महिना होता. भाचीने ओढणी मागे केली. खळ्यावर मी आरशात पाहू शकले नव्हते, पण मी कशी दिसत असेन ते मला त्या दिवशी कळलं.

मी फळीवरून डबी काढली, पण हातातच ठेवली. भाचीला म्हणाले, चल. ताईला म्हणाले, तू इथेच बस. मोठ्या सरकारी दवाखान्यात रांग होती. बाकावर बसल्या बसल्या भाची आपणहून बोलायला लागली. ती म्हणाली, मावशी, गावाला आईच्या पिशवीत दोन डब्या होत्या. मी रोज सकाळी न्हाणीत लावत होते. तू खळ्यावर होतीस तेव्हा.

मग ती म्हणाली, आईलाही एकदा असंच झालं होतं. ती कांजिण्या म्हणून महिनाभर घरात बसली होती ना, त्या कांजिण्या नव्हत्या.

मला त्या कांजिण्या आठवत होत्या. मी तिला मुगाचं वरण करून नेत होते, ती तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळून जेवायची. ते मला डबी देण्याच्या आधीचं वर्ष होतं. म्हणजे तिचं तोंड जळून झालं होतं, आणि मग तिने ती डबी मला आणून दिली. का, ते पण भाचीनेच सांगितलं. दोन बायका गिऱ्हाईक म्हणून जोडून दिल्या की पार्लरवाली ताईला एक डबी फुकट द्यायची. मी त्या दोघींपैकी एक होते.

इथल्या डॉक्टरने डबीचा वास घेतला, डबी ठेवून घेतली, आणि धुळ्याच्या बाईने सांगितलं तेच सांगितलं. हळूहळू कमी करायचा मलम दिला. लग्नापर्यंत आग जाईल, डाग राहतील, हळद तोंडाला लावू देऊ नका, म्हणाला.

घरी आल्यावर मी ताईला एकच गोष्ट मागितली. तुझ्या मुलीचं नाव घेऊ नको. तिच्या सासरला काही कळायला नको, तेही मला मान्य आहे. पण गावात वहिनीला आणि शेजारच्या बायकांना एवढं सांग की हिला मी मलम दिला होता, त्याने हिचं तोंड बिघडलं, प्लेग नव्हता. ताई रडली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, सांगते. लग्नाला जाईन तेव्हा पहिलं हेच काम. मी विश्वास ठेवला. वर जे लिहिलं ते सगळं माहीत झाल्यावरही ठेवला, हे मला आज स्वतःचं नवल वाटतं.

लग्न माहेरच्या गावी झालं. भाचीचा चेहरा बरा होता. डाग पावडरखाली गेले होते, आणि हळदीने मला पुरळ येतं, तोंडाला लावू नका, असं तिने स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हळदीसाठी पाच सवाष्णी काढल्या. मावशी म्हणून मी त्यात होतेच. मी पाटाजवळ बसले, पायांना हळद लावायला हात पुढे केला. गावातल्या एका म्हातारीने माझं मनगट धरलं. रागाने नाही, अगदी सांभाळून. मग ताईला म्हणाली, "तिना हात नको. तिले पलेग व्हयेल व्हता." हिचा हात नको, हिला प्लेग झाला होता.

हळदीची वाटी ताईच्या हातात होती. होणारी सासू समोर होती. मांडवातल्या सगळ्या बायका ताईच्या तोंडाकडे बघत होत्या, खळ्यावर नेलं त्या दिवशीसारख्याच. भाचीने पायाचे अंगठे आत ओढून घेतले.

ताई मला म्हणाली, "तू जरा चहाकडे बघ."

त्या क्षणी ते वाक्य माझ्या तोंडात होतं. मी बोलले असते तर डबीचं सगळं बाहेर आलं असतं आणि ते लग्न त्याच पाटावर मोडलं असतं. मी बोलले नाही. ताईसाठी नाही. पाटावर बसलेली मुलगी मला बघत होती आणि तिने दवाखान्याच्या बाकावर मला खरं सांगितलं होतं, जे तिच्या आईने कधी सांगितलं नाही. मी उठले आणि चहाकडे गेले. मोठं भगुणं होतं, आधण उतू चाललं होतं. मी जाळ कमी केला.

त्यानंतर ताईच्या घरी मी पाऊल टाकलं नाही. तिने तीन-चार वेळा निरोप पाठवले, सणाला, बाळंतपणाला. मी गेले नाही. ती शेवटची आजारी होती तेव्हा गेले, चार दिवस राहिले, तिचं अंग पुसलं, वेणी घातली. ती खूप बोलली. आईबद्दल, गावाबद्दल, लहानपणीच्या म्हशीबद्दल. मी रोज वाट बघत होते. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही, आणि मी विचारलं नाही.

भाची दर दिवाळीला येते. तिचा चेहरा तिच्या मूळच्या रंगावर आला आहे आणि तो चांगला दिसतो. तिच्या सासरच्यांना कधी ना कधी कळलं असेल, कोणी काही म्हटलं नाही. माझे वांग पुसट झाले आहेत, वयाने म्हणा किंवा छत्रीने.

मागच्या वर्षी गावी गेले होते. भावाच्या नातसुनेने मला पाणी दिलं आणि कौतुकाने विचारलं, आजी, तुम्हाला सुरतेला प्लेग झाला होता ना? आणि तुम्ही वाचल्या?

मी म्हणाले, प्लेग नव्हता, तोंडाला लावायचा मलम होता. माझ्या बहिणीने दिला होता.

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी थट्टा करते.